तुमी व्हा म्होरं

पिंपळवंडीत माझ्या बांधाला बांध असलेला हा शेजारी कशालाही आधी मान डोलावतो आणि ऐन वेळी मागं सरतो. कांदालागवडीला बोलवा, पाटाच्या पाण्यासाठी हापिसात चला म्हणा, टोपी काढून झटकत म्हणणार, "तुमी व्हा म्होरं राव, मी आलोच." अन् हा बाबा काही येत नाही. डोकंच फिरतं माझं.

परवा दोघं मोटर चालू करायला निघालो, तर उसातून बिबट्या समोर आला. मी पुटपुटलो, "पाठ दाखवू नको. हळूहळू मागं सर."

जन्मभर मागं सरणारा हा माणूस नेमका तेव्हाच काठी आडवी धरून माझ्यापुढं उभा राहिला.

"अरे, सर की मागं!" मी दातओठ खात म्हणालो.

मान न वळवता तो म्हणाला, "तुमी व्हा मागं राव, मी आलोच."