लिफ्टमधला वजनकाटा

अकरावी-बारावीच्या हुशार मुलांना सगळं तोंडपाठ असतं. वस्तुमान आणि वजन यांतला फरक घडाघडा सांगतील, पण वजनकाट्यावर उभं राहा म्हटलं की लाजून मागे सरकतील. म्हणून जे. पी. नगरच्या आमच्या घरातल्या शिकवणीत त्या धड्याला माझी बायको उभी राहायची. घरातला जुना वजनकाटा लिफ्टमध्ये ठेवायचा, ती पदर खोचून त्यावर चढायची आणि मी आठव्या मजल्यावरून तळमजल्याचं बटण दाबायचो. लिफ्ट निघताना काटा तीनेक किलो मागे यायचा.

‘बघा, न चालता बारीक झाले! तुमचे सर उगाच मला रोज तळ्यावर फिरवतात.’

‘अक्का, स्वल्प थांबा, आकडा लिहू द्या!’ मुलं कानडीमिश्रित मराठीत ओरडायची.

मी काही मास्तरकी सोडत नसे. ‘काटा हलला, बाई तेवढीच आहे. कणभरही कमी झालेलं नाही.’ थांबताना काटा जरा पुढे जायचा आणि लिफ्ट थांबली की पुन्हा एकसष्टवर यायचा.

मग ती आजारी पडली. डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन बघायला सांगितलं. काटा तोच, पण आता झोपायच्या खोलीत, पक्क्या फरशीवर. पंचावन्न झालं, मग एकोणपन्नास. ती वाकून बघायची आणि म्हणायची, ‘अहो, लिफ्ट निघाली वाटतं खाली.’ मी हसायचो. दुसरं काय करणार होतो?

ती गेल्यावर दोन वर्षं मी तो धडा फळ्यावरच उरकला. तिच्याशिवाय लिफ्टमध्ये काटा ठेवायची हिंमतच होईना. लिफ्टनं एकट्यानं खाली येतानासुद्धा तिची फार आठवण येते.

यंदा एका मुलीनं विचारलं, ‘सर, माझ्या अण्णाला, मोठ्या भावाला, तुम्ही हे लिफ्टमध्ये दाखवलं होतं. आम्हाला का नाही?’

मला रागच आला. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त आला. चरफडत माळ्यावरून काटा काढला, धूळ पुसली आणि लिफ्टमध्ये ठेवून स्वतःच वर चढलो. मुलीनं बटण दाबलं.

‘सर, चार किलो कमी!’

तळमजला आला, लिफ्ट थांबली. मुलीनं वाकून पाहिलं. ‘पुन्हा पहिल्याएवढंच, सर. म्हणजे तुमच्यातलं काहीच कमी झालं नाही ना?’

‘कणभरही नाही,’ मी म्हणालो. इतक्या वर्षांत शिकवताना पहिल्यांदाच खोटं बोललो.