चौथी लवंग

आज मसालेभातासाठी तेलात लवंगा टाकल्या, त्या टम्म फुगल्या, आणि त्या वासाबरोबर मी आखाती देशातल्या, अर्दियामधल्या या स्वयंपाकघरातून थेट वीस वर्षं मागे, इथल्याच इस्पितळातल्या लॅबच्या चहाच्या टेबलाशी जाऊन बसले.

तिथे माझ्याबरोबर सईद नावाचा टेक्निशियन होता, आफ्रिकेजवळच्या कोमोरोस या बेटांच्या देशातला. सुट्टीवरून येताना तो घरच्या झाडाच्या लवंगा आणायचा. "आहे तरी कुठे तुझा देश?" असं मी विचारलं, तर त्याने पुडीतल्या चार लवंगा टेबलावर ओळीने मांडल्या. चार बेटं. एकावर जागता ज्वालामुखी, आणि विकायला लवंग, व्हॅनिला नि अत्तराची फुलं. स्वातंत्र्यानंतर कितीदा सत्ता उलथली, तेही त्याने हसत हसत सांगितलं.

"हे चौथं बेट मात्र फ्रान्सकडेच राहिलं. माझी बहीण तिथे असते. तिच्याकडे जायला मला व्हिसा लागतो."

"म्हणजे तीनच की रे!" मी पुणेरी थाटात म्हटलं आणि चौथी लवंग बाजूला सारली.

सईद रागावला नाही. त्याने ती उचलून पुन्हा ओळीत ठेवली. "सिस्टर, आमच्या झेंड्यावर चार तारे आहेत."

एवढ्याशा देशाचा केवढा हा हट्ट, असं तेव्हा वाटलं होतं. आता माझी लेक तिसऱ्याच देशात आहे आणि तिच्याकडे जायचा माझा व्हिसा दोनदा नाकारला गेलाय.

आम्हा दोघा नवराबायकोच्या भाताला तीन लवंगा पुरल्या असत्या. मी चौथी घातली.