राखीव जागेतले मोर

आमच्या लालबागच्या टॉवरखाली व्हीलचेअरवाल्यांसाठी पार्किंगची एक जागा राखीव आहे. पाटी लावली, पट्टे मारले, तरी धडधाकट लोक तिथेच गाड्या लावायचे. मग नवा वॉचमन आला. रोज सकाळी बूट काढून, उकिडवा बसून तो त्या जागेत मोरांची रांगोळी काढायचा.

"पाटी कोण वाचतं? पण रांगोळीवर चाक घालायची छाती होत नाही कोणाची," तो मला म्हणाला.

जागा खरंच रिकामी राहू लागली. परवा व्हीलचेअर वापरणारे आमचे शेजारचे काका गाडी घेऊन आले, थबकले आणि बाहेर रस्त्यावर लावायला निघाले.

"एवढी सुंदर रांगोळी, मोडवत नाही रे!"

वॉचमन कपाळावर हात मारून धावला. बुटाने त्याने एका मोराची मान पुसली.

"या काका, उष्टावली! आता बिनधास्त आणा."