दहापैकी दोन

माझं सध्याचं पोस्टिंग: मुलुंड पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गणपतीपासून उजव्या गुडघ्यात कळ. हॉस्पिटलची ऑर्थो ओपीडी नऊला उघडते. मी सव्वाआठला हजर. टोकन चौथं.

अशी दोनदा गेले. दोन्ही वेळा तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतं?" मी ताठ बसून सांगितलं, "दोन." गुडघ्याचा एक्स-रे ठीकठाक निघाला. "वयोमान," डॉक्टर म्हणाले. गोळ्या घेऊन परत.

रिक्षात सून वैशाली भडकली. "दोन? काल बाथरूममध्ये भिंत धरून रडत होतात! पुढच्या वेळी जरा ड्रामा करा ना, आई."

ड्रामा आर्मीत शिकवत नाहीत. चोविसाव्या वर्षी मी लेफ्टनंट होते, मिलिटरी हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात नर्सिंग ऑफिसर. युनिफॉर्मला कडक इस्त्री, आणि तीच इस्त्री डोक्यावरूनही फिरलेली. माझ्या वॉर्डात कुणी कण्हत नाही, याचा कोण तोरा! सकाळी सहाला राउंड. वीस बेड, बारा मिनिटं.

बेड सातवर परब, हुद्दा नाईक, मालवणकडचा. नडगी मोडलेली, आदल्या दिवशी प्लास्टर घातलेलं.

"परब, काही त्रास?"

"बरा आसा, मॅडम."

त्याच्या कपाळावर घाम होता. मी चार्टवर लिहिलं, 'नो कंप्लेंट्स'. पायाच्या बोटांना हात लावला नाही. तेरावं मिनिट लागलं असतं ना!

दहाला सर्जन मेजरसाहेब आले. बोटं चेपून पाहिली, गार पडली होती. "सिस्टर, कटर. नाऊ."

पाय आत सुजून प्लास्टर आवळलं होतं. कापलं, पण उशीर झाला होता. चौथ्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. परबच मला म्हणाला, "तुमची काय चूक, मॅडम? मीच सांगूक नाय."

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा आकडा विचारला. 'दोन' ओठांवर आलं होतं. गिळलं आणि रिपोर्ट दिला. "जांघेत कळ, गुडघ्यापर्यंत उतरते. मोजा घालता येत नाही. तिसरा मजला चढायला अठरा मिनिटं. आठ."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मला टेबलावर झोपवून त्यांनी पाय आत वळवला. मी अशी ओरडले की बाहेरची रांग गप्प झाली.

"गुडघा नाही आजी, खुबा. आधी का नाही सांगितलंत?"

"शहाणी होते ना फार."

खुबा पार झिजला होता. तो बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सिस्टर राउंडला आली, असेल चोविसेक वर्षांची.

"आजी, त्रास?"

"सहा. आणि बोटांना हात लाव गं."

तिने एकेक बोट चेपलं. "गरम आहेत," म्हणाली, आणि तसं लिहिलं.

माझाही बेड सातच होता असं लिहिलं तर छान दिसेल. पण अकरा होता. बेड सात नाईक परबचा. नकली पायावर त्याने वीस वर्षं गावच्या शाळेच्या फाटकावर ड्युटी केली. तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या शेवटच्या पत्राची पहिली ओळ तीच होती: बरा आसा, मॅडम.