आधी वाचा म्हणणारी मुलगी

"काका, आधी वाचा. शिक्का मग." असं म्हणून ती खिडकीतून हात घालायची आणि माझं शाईचं पॅड सरळ आपल्याकडे ओढून घ्यायची.

तुम्ही कधी निवेदन घेऊन एखाद्या कार्यालयात गेला असाल, तर आवक विभाग कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको. कागद घ्यायचा, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारायचा, वर पाठवायचा. विद्यापीठात पंचवीस वर्षं मी हेच केलं. कागद वाचायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मोर्चेवाली पोरंसुद्धा खिडकीपुढे फोटो काढून चहाला पळायची. ही बया मात्र हलायची नाही.

ती कन्नड तालुक्याची. वडील कन्नड ते शहर जीप चालवायचे. भूगोलात एमए करत होती. तो अभ्यासक्रम विनाअनुदानित करायचं घाटत होतं. म्हणजे सरकारचा पैसा बंद, सगळा खर्च पोरांच्या फीमधून. तसं झालं तर हिचं शिक्षण संपलं, इतका साधा हिशोब होता.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अगं, माझ्या वाचण्यानं काय होणार? मी कारकून माणूस."

"व्हय, पण कुणीतरी एकानं वाचायला पायजे ना. वरचे तर वाचत नायत."

झक मारत वाचू लागलो. बोलायची गावाकडचं, लिहायची मात्र लई नेटकं. एका निवेदनात होतं, की विभागातलं पर्जन्यमापक फुटलंय आणि मुलं स्टीलच्या डब्यात पाऊस मोजतात. मला हसू फुटलं. "हसताय काय, खरंय ते!" म्हणाली आणि स्वतःही हसली. संध्याकाळी बायकोला सांगायला गेलो, तर सांगताना मला हसू येईना.

मग पोरांनी शहागंजातून मांजरपाट आणून फलक रंगवले आणि मुख्य इमारतीपुढं धरणं धरलं. साहेबांनी मला आत बोलावलं. "अभ्यासक्रमाचा विषय ज्या बैठकीत आहे, ती होईपर्यंत एकही निवेदन घ्यायचं नाही." लेखी आदेश मागायची माझी छाती झाली नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी ती आली. दोन्ही हातांत सह्यांचे कागद. निवेदन दाखल झालं नाही तर विरोध आलाच नाही असं धरलं जाणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

"साहेब नाहीत," मी म्हणालो. साहेब आत फोनवर बोलत होते, बाहेर ऐकू येत होतं.

"मग तुमी घ्या, काका."

मी खिडकी लावून घेतली. मला स्वतःची किळस आली, पण खिडकी काही मी उघडली नाही. बराच वेळ ती पलीकडं उभी होती. दुसऱ्या दिवशी बैठकीत विषय मंजूर झाला. इतिवृत्तात छापून आलं, कोणाचाही आक्षेप नाही.

त्यानंतर ती कधी दिसली नाही. जूनमध्ये तिचे वडील आले, टीसीचा अर्ज घेऊन. तेही काम माझ्याकडंच होतं. सोडण्याचं कारण, हा रकाना कोरा होता.

"घरगुती अडचण लिहा," मी सवयीनं म्हणालो. "सगळे तेच लिहितात."

ते गोंधळले. "घरची तर कायबी अडचण नाय हो, साहेब. तिचं एमए व्हावं म्हणून तिच्या आईनं दोन स्थळं वापस लावली." कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मग काय लिहू?"

मी मान खाली घातली आणि पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी माझाच पेन मागून घेतला आणि एकेक अक्षर जपून काढत लिहिलं, घरगुती अडचण.