झाकणाविना आलेले कुकर

बाजारातला स्फोट कुकरमध्ये ठेवलेल्या बॉम्बचा होता, हे जाहीर झालं आणि कुकर दुरुस्त करणाऱ्याची झोप उडाली. चौकीतून हवालदार एक वही देऊन गेला. कुकर कोणी आणला, नाव, पत्ता, फोन, सगळं त्यात लिहायचं. काही वेगळं वाटलं तर लगेच कळवायचं. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला! हा गडी मुळातच संशयी; बायकोने न मागता चहा दिला तरी हिला काय हवंय, म्हणून विचारात पडायचा.

अशात शेजारच्या गल्लीतले मास्तर दोन कुकर घेऊन आले. झाकणं नव्हती.

"झाकणं?"

"घरी आहेत. तू हँडल तेवढी घट्ट बसव."

"बरं, नाव-पत्ता लिहा."

"वीस वर्षं ओळखतोस मला. माझ्या स्वयंपाकघराची नोंद कशाला हवी रे तुला?" असं म्हणून मास्तर चालते झाले.

कुकरचं दुखणं असतं झाकणात. रबर, शिट्टी, वाल्व्ह, सगळं तिथेच. इतक्या वर्षांत झाकणाविना कुकर त्याच्याकडे कधी आला नव्हता. इथे दोन आले, वर नावही सांगायचं नाही!

"मास्तर? अहो, वेडबिड लागलंय का तुम्हाला?" बायको म्हणाली.

"बॉम्ब ठेवणाऱ्याच्या शेजाऱ्यांनाही असंच वाटलं असेल," तो म्हणाला, आणि त्याने फोन लावला.

भरदुपारी मास्तरांच्या घराची झडती झाली. कपाटं रिकामी केली, मास्तरांना दोन दिवस चौकीत बसवलं. झाकणं फडताळातच होती. मास्तरीणबाईंचे हात दोन वर्षांपासून कापतात, झाकण लावणं जमत नाही, म्हणून त्या कुकर साध्या पातेल्यासारखे वापरतात आणि दोन्ही हँडल धरून उतरवतात. नवराबायकोने जपून झाकलेली गोष्ट गल्लीभर झाली.

आपण नियमाने वागलो, उद्या खरंच काही झालं असतं तर, असं तो दिवसभर घोकत राहिला. त्यात खोटं काही नव्हतं. तरी रात्री त्याने ताट तसंच सरकवलं.

कुकर न्यायला मास्तरीणबाई स्वतः आल्या. त्याने कुकर पुढे ठेवले. बाईंनी वही ओढली.

"राहू द्या हो बाई."

"का? आता झाकायचं काय उरलंय?"

नाव लिहायला त्यांना फार वेळ लागला. अक्षरं खालच्या ओळीत उतरली, पेन दोनदा पडलं. उचलून द्यायचंही त्याला धाडस झालं नाही. पत्ता, फोन, सगळं पुरं करून त्यांनी मान वर केली.

"हे कोण कोण वाचतं रे?"

हा प्रश्न त्याने कधी कुणाला विचारलाच नव्हता.

"चौकीतले शनिवारी येऊन घेऊन जातात," तो एवढंच म्हणाला.