बर्फवाल्या अक्कांचा तुकडा

ज्या समुद्राच्या काठावर एकही माणूस कायमचा राहत नाही, एकही मत पडत नाही, एकही मोर्चा निघत नाही, त्या समुद्राची विचारपूस कोणी करायची? हा प्रश्न मी तुम्हालाच विचारतेय. उत्तराची घाई करू नका. मी घाईने दिलं होतं, आणि त्या गोंधळातून अजून बाहेर आलेली नाही.

चोपड्यात ज्यांना सगळे ‘बर्फवाल्या अक्का’ म्हणत, त्या भेटल्यावर ‘कशी आहेस’ असं कधीच विचारत नसत. “कोठे चालनी वं?” एवढंच विचारत. आणि तुम्ही कुठेही चाललेले असा, तुमच्या हातात काहीतरी येईच. धुळ्याला निघालेल्याकडे मावसबहिणीसाठी केळीच्या वेफर्सचा पुडा, चाळीसगावला गाडी बदलणाऱ्याकडे कुणाचा तरी विसरलेला चष्मा, नरडाण्याच्या कारखान्यात जाणाऱ्या शेजाऱ्याकडे त्याच्याच भावाचा स्वेटर. “रिकाम्या हाताने गेलं की तेवढी वाट वाया जाते,” असं त्यांचं म्हणणं. एकदा मी जळगावला धरणं द्यायला निघाले होते. काखेत घोषणांचे फलक. तरीही अक्कांनी माझ्या हातात लोणच्याची बरणी दिलीच. “दिवसभर बसणारच आहेस ना रस्त्यावर? माझी भाची तिथंच मागे राहते, येऊन घेऊन जाईल.” बरणी पोचली. आमच्या मागण्या पोचल्या की नाही, ते आजतागायत कळलेलं नाही.

पुष्कळ दिवस मला हा त्यांचा स्वभाव वाटत होता. मग कळलं की हाच त्यांचा व्यवसायही आहे.

अक्का समुद्रशास्त्रज्ञ होत्या. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचे वडील, म्हणजे नाना, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले तेव्हा त्या चोपड्याला परतल्या आणि इथूनच काम करू लागल्या. काम असं होतं: पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाभोवती जो महासागर आहे, त्याच्यावर वेगवेगळ्या देशांनी मिळून कायमची नजर कशी ठेवायची, याचा आराखडा तयार करणे. पाणी किती तापलं, किती खारट झालं, बर्फ कुठे पातळ झाला. कोणी मोजायचं, कुठे मोजायचं, आणि मोजलेलं सगळ्यांना कसं मिळायचं.

त्या आमच्या कार्यालयात आल्या त्या इन्व्हर्टरमुळे. त्यांच्या घरचा इन्व्हर्टर नानांचा पंखा आणि त्यांची हवेची गादी यांनाच जेमतेम पुरत असे, आणि वीज नेमकी त्यांच्या देशोदेशीच्या ऑनलाइन बैठकीच्या वेळी जाई. आमच्याकडचा मोठा होता. आमच्या संघटनेचं कार्यालय म्हणजे माझ्या वडिलांनी पत्रकं काढून काढून उभी केलेली एक खोली. मी वाचायला त्या पत्रकांवरच शिकले. ‘अ’ अननसाचा असतो हे शाळेत गेल्यावर कळलं. घरी तो अन्यायाचा होता. त्या खोलीच्या एका भिंतीवर सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांचे वनहक्काचे नकाशे होते. समोरच्या भिंतीवर अक्कांनी आपला नकाशा लावला: मधोमध पांढरा खंड, भोवती गोल निळं पाणी. दाव्यांसाठी येणारी माणसं त्याच्याकडे बघत आणि मला हळूच विचारत, “ताई, हाऊ कोनता तालुका शे?”

चहावाले आबा मात्र थेट अक्कांनाच विचारत. एकदा अक्का त्यांना सांगत होत्या, की तिथे सील नावाचं जनावर असतं, त्याच्या डोक्यावर शास्त्रज्ञ छोटं यंत्र चिकटवतात. ते बर्फाखाली बुड्या मारतं आणि पाण्याची खबर यंत्रातून येते.

“म्हंजे त्याले मोबाईल दिधा?” आबा म्हणाले.

“तसंच समजा.”

“मंग रिचार्ज कोन मारस?”

अक्कांना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, “आबा, प्रत्येक बैठकीत शेवटी हाच प्रश्न येतो. एवढे देश बसतात, पण अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.”

खरं होतं ते. या एवढ्या मोठ्या व्यवस्थेकडे स्वतःचं एकही जहाज नव्हतं. मला हे समजायलाच किती दिवस लागले! प्रत्येक देश आपापल्या तळावर रसद पोचवायला जहाजं पाठवतोच. अक्का आणि त्यांच्यासारखे काही लोक फक्त विचारत: कुठे चाललात? मग वाटेत हे तरंगतं यंत्र पाण्यात सोडाल का? ते बुडेल, वर येईल, परत बुडेल, आणि आकडे पाठवत राहील. बस. ना हुकूम, ना दंड, ना मालक.

एका दुपारी मी तो आराखडा वाचायला मागून घेतला. वाचून माझं डोकं तापलं. त्यात एकही मागणी नव्हती. सगळीकडे ‘विनंती आहे’, ‘अपेक्षा आहे’, ‘स्वागत आहे’.

“अक्का, हा आराखडा आहे की लग्नपत्रिका?”

“लग्नपत्रिकाच शे ती. आलीस तर पंगतीला बस. नाही आलीस तर तुझ्या दारात पोलीस पाठवू का?”

“आणि जे येतच नाहीत त्यांचं काय?”

“पुढच्या लग्नाला परत पत्रिका द्यायची.”

मला हे पटलं नाही. विनंती दुबळ्यांनी करायची आणि उपकार बलवानांनी, हे मला आजही पटत नाही. पण आम्ही टेबलावर मुठी आपटून ज्यांना बोलावलं, त्यांतले किती आले, हे आठवायला बसले की माझा मुद्दा माझ्याच हातातून निसटतो.

त्यांची एकच गोष्ट मला ऐकताक्षणी पटली होती. इतक्या देशांची बैठक म्हटली की कुणाची तरी झोप मोडणारच. अक्कांनी सगळ्यांना ठणकावलं होतं की ही मोडतोड आळीपाळीने व्हायला हवी, दर वेळी एकाच बाजूच्या लोकांनी का जागायचं? तिथे मात्र त्यांनी विनंती केली नव्हती. मी म्हटलं, “बघा, जमतं तुम्हाला.” त्या म्हणाल्या, “झोपेसाठी भांडणं सोपं असतं गं. समुद्रासाठी भांडायचं तर समोर कोणी असावं लागतं.”

मी एक पत्रकही लिहिलं होतं. त्या वर्षी वादळाने केळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, लोक चिडलेले होते. मथळा दिला: ‘दक्षिण महासागर वाचवा, आपली केळी वाचवा!’ अक्कांनी ते दोनदा वाचलं आणि परत दिलं.

“खोटं नाही, पण इतकं सरळही नाही. आपण सगळ्यांनी मिळून जग तापवलंय, त्यातली खूप उष्णता तो समुद्र पोटात घेतो. किती दिवस घेईल, कुठे घेतो, ते नीट माहीत नाही. कारण हिवाळ्यात तिथे कोणी जात नाही. पण चोपड्याची बाग कोणत्या वाऱ्याने पडली, ते मी त्याच्यावर ढकलणार नाही.”

“मग लोकांना सांगू काय?”

“की माहीत नाही.”

“‘आम्हाला माहीत नाही’ असं पत्रक कोण वाचेल, अक्का?”

“काढून तर बघ.”

मी ते काढलं नाही. कसं काढतात तेच कळलं नाही.

त्यांच्या नकाशावर देशोदेशीच्या यंत्रांचे ठिपके होते. एका कोपऱ्यात मात्र एकही नव्हता. तरुणपणी एका मोहिमेत अक्का त्या कोपऱ्याच्या कडेपर्यंत गेल्या होत्या. बर्फ दाटू लागला आणि कप्तानाने जहाज वळवलं. “पुढे काय होतं?” मी विचारलं. “तेच तर,” एवढंच त्या म्हणाल्या. त्या कोपऱ्याला त्या ‘माझा तुकडा’ म्हणत. आराखडा पक्का व्हायच्या आत तिथे यंत्रं सोडणारं कोणीतरी मिळायला हवं होतं. नाही मिळालं, तर पुढचा आराखडा होईपर्यंत तो तुकडा कोराच राहणार होता, आणि पुढच्या आराखड्यात अक्का नसणार होत्या. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांना स्वतःसाठी काही मागताना मी पाहिलं नाही. या तुकड्यासाठी मात्र त्या बैठकीमागून बैठकीत तोंड वेंगाडत, आणि मला त्याचा राग येई.

शेवटी एक देश तयार झाला. त्यांचं जहाज तिकडून जाणार होतं. बर्फाखाली अख्खा हिवाळा काढू शकतील अशी यंत्रं ते सोडणार होते. अट एकच होती. आकडे त्यांच्याकडे राहतील. बाकीच्यांना ते मिळतील ‘योग्य वेळी’.

हे दोन शब्द मी चांगले ओळखते. आमच्या पाड्यांवर वनजमिनीची मोजणी झाली, तेव्हा लोक मोजणाऱ्यांच्या मागे काट्याकुट्यांतून फिरले. त्यांना पाणी पाजलं, सावलीला बसवलं. मग आपल्याच शेताचा नकाशा मागितला, तर उत्तर मिळालं: योग्य वेळी. ती वेळ अजून आलेली नाही.

“नाही म्हणा, अक्का,” मी म्हटलं. “समुद्र सगळ्यांचा, आकडे सगळ्यांचे, असं तुम्हीच पहिल्या पानावर लिहिलंय ना?”

“लिहिलंय.”

“मग हा पाहुणा पंगतीत बसून ताट घरी घेऊन चाललाय. त्याला उठवा.”

अक्का हसल्या नाहीत. “तुझ्या पाड्यांची मोजणी झाली?”

“झाली, पण नकाशा...”

“झाली ना? म्हणजे कुठल्यातरी कपाटात नकाशा आहे. तू त्याच्यासाठी भांडतेस. माझ्या तुकड्याची मोजणीच नाही, पोरी. मी कशासाठी भांडू?”

“आज एकाला सूट दिली, तर उद्या सगळे मागतील.”

“मागतील. मलाही दिसतंय ते. तू चुकत नाहीस.”

“मग?”

“मग काय. तुन्हं बी बरोबर शे, मन्हं बी बरोबर शे. तेच तर अवघड शे.”

बैठक दुपारी होती. मी मागच्या खुर्चीवर बसून होते. अक्कांनी आधी विनंती केली, की ‘योग्य वेळी’च्या जागी एखादं वर्ष घालावं. पडद्यावरचा त्या देशाचा माणूस फार सभ्यपणे म्हणाला, ते त्याच्या हातात नाही. अक्कांनी पुन्हा एकदा विचारलं. तो पुन्हा तितक्याच सभ्यपणे बोलला. “मान्य,” अक्का म्हणाल्या. पडद्यावरच्या चौकोनांतले चेहरे एकेक करून विझत गेले. शेवटी त्यांचा एकटीचाच उरला, तरी त्या बघत बसल्या होत्या. त्यांचं अभिनंदन करावं की त्यांच्याशी भांडावं, मला कळेना. मी जाऊन आबांना चहा सांगितला. चहा आला, त्यावर साय धरली, तो तसाच राहिला.

मग अक्कांनी आराखड्याचं पहिलं पान उघडलं आणि ‘आकडे सगळ्यांचे’ हे वाक्य खोडून टाकलं.

“हे कशाला काढलंत?” मी ओरडलेच. “निदान लिहिलेलं तरी राहू द्या!”

“आता ते खरं नाही,” अक्का म्हणाल्या. “खरं झालं की परत घालू.”

अशा बाईवर रागवायचं कसं? आणि न रागावता राहायचं तरी कसं?

त्या उन्हाळ्यात नाना गेले. अक्का घर आवरून पुन्हा किनाऱ्याला गेल्या. पुढे कधीतरी फोन आला. “यंत्रं गेली पाण्यात. आता बर्फाखाली आहेत. जिवंत आहेत की नाही ते बर्फ फुटल्यावर कळेल.” महिने गेले. मग पुन्हा फोन आला. आवाज एकदम लहान मुलीसारखा. “बोलली गं! यंत्रं बोलली. अख्खा हिवाळा काढला त्यांनी माझ्या तुकड्यात!”

“काय बोलली?”

“ते मला थोडंच सांगणार आहेत?”

त्या हसत होत्या असं मला वाटलं. नीट ऐकू येत नव्हतं.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. आजार उशिरा कळला. आपल्या तुकड्याचा एकही आकडा त्यांनी पाहिला नाही. त्या बरोबर होत्या, कारण आकडे आज जगात आहेत. मी बरोबर होते, कारण ते कुलपात आहेत. मला वाटलं होतं, माणूस गेल्यावर तरी त्याच्याशी घातलेला वाद संपतो. माझा संपलेला नाही.

ते आकडे खुले करा, असं पत्र मी त्या देशाच्या लोकांना लिहायला घेतलं. कितीदा लिहिलं. दर वेळी शेवटी हात आपोआप ‘अन्यथा’ लिहितो, आणि त्याच्यापुढे लिहायला माझ्याकडे काही नसतं. अन्यथा काय? आम्ही चोपड्याचा रस्ता अडवू? मला दुसऱ्या कुठल्या सुरात लिहिता येत नाही. पण तुम्हाला येत असेल. म्हणून तुम्ही लिहा. मराठीत चालेल, अर्ध्या कागदावर चालेल. एवढंच विचारा, की त्या तुकड्यातलं पाणी हिवाळ्यात कसं असतं, ते आम्हाला सांगाल का? खाली आपलं आणि आपल्या गावाचं नाव लिहा. आमच्या कार्यालयात आणून द्या, भाषांतर करून पाठवायचं काम माझं. फक्त रागाने लिहू नका. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला वाचावंसं वाटेल, असं लिहा.